बांधावरची गौर

आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला येणाऱ्यांना मी एकच सल्ला देत असे. पत्ता गेटवरच्या वॉचमनला विचारा, बारकूबाय भोईरला विचारू नका. वॉचमन 'सी विंग, पहिला मजला' सांगून मोकळा व्हायचा. बारकूबाय सांगायची, "खल्याच्या मागनं जा, खालच्या खारीत." तिच्या लेखी ए विंग म्हणजे वडाचं शेत, बी विंग म्हणजे खळं, आणि आम्ही दोघी शेजारीशेजारी राहायचो ती सी विंग म्हणजे खालची खार, खाडीकाठची खारट जमीन. पोहण्याच्या तलावाला ती म्हशींचं डबकं म्हणायची, तेही चेअरमनसाहेब आपल्या पाहुण्यांना तो तलाव कौतुकानं दाखवत असताना. आणि त्यात खोटं काही नव्हतं. माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला हे जे टॉवर उभे आहेत ती सगळी एके काळी भोईरांची भातशेती होती. जमीन गेली, बदल्यात फ्लॅट आले, बायच्या गळ्यात ठसठशीत सोनं आलं, पण शेतांची नावं काही तिच्या तोंडून गेली नाहीत. पिझ्झा घेऊन आलेला एक माणूस तिच्या सांगण्यावरून खळं शोधत पार्किंगमध्ये इतका फिरला की शेवटी पिझ्झा गार झाला आणि तो बायनंच ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भाकरी बरी होती, पन वरचं कालवण सुकलं होतं."

बारकूबाय हे नाव ठेवलं तेव्हा तिला शोभलंही असेल. मी डोंबिवलीहून इथं राहायला आले तोवर परिस्थिती अशी होती की ती लिफ्टमध्ये शिरली की बाकीचे लोक "आम्ही मागून येतो" म्हणायचे. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात काहीतरी फूल, आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावरून बोलली तरी खाली दूध आणायला गेलेल्याला ऐकू यावं. बेल वाजवणं तिला मान्य नव्हतं. दारावर तळहात थापायची आणि दार उघडेपर्यंत थापत राहायची. "मास्तरीन, काय रांदलंस?" हा तिचा रोज सकाळचा प्रश्न. मी टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणून मी मास्तरीन. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं अहो-जाहो बंद करून टाकलं. "मना तू म्हन. अहो म्हटलंस का मना वाटतं, कुनीतरी जमीन विकत घ्यायला आलंय."

"कसाला?" हा तिचा आवडता शब्द. नवीन सोफा घेतला, कसाला? केसांना रंग लावला, कसाला? आम्ही दोघं नवरा-बायको महाबळेश्वरला चाललो, तर दारात उभी राहून, "कसाला? डोंगर हितनं दिसत नाय का?" आमच्याकडे मासे खात नाहीत हे तिला दर आठवड्याला नव्यानं कळायचं. चिंबोऱ्यांचं कालवण वाटीत घेऊन यायची, मी नाही म्हटलं की वाटी माझ्या नाकाखाली धरायची. "खाऊ नको. वास तरी घे." मी वास घ्यायचे. मग ती वाटी परत घेऊन जायची आणि तिचं समाधान झालेलं असायचं.

अशा बाईला वर्षातून एकदा गप्प बसावं लागत असे. तेच मला सांगायचं आहे.

मी राहायला आले त्याच वर्षी भाद्रपदात एका सकाळी दारावर थाप पडली. बाय नव्या हिरव्या लुगड्यात उभी. "मास्तरीन, चल. गौर आनाला जायचंय. माझ्या पोटी पोरगी नाय, माहेरवाशीन कोन म्हनून नेऊ? तू चल." मी म्हटलं, मला तुमच्यातलं काही माहीत नाही. "माहीत कसाला पायजे? मागनं चालायचं." आणि मग बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "आता मी बोलनार नाय."

भोईरांच्या घरची रीत अशी. तेरडा बाजारातून आणायचा, चांगला मुळांसकट, कारण मुळं म्हणजे गौरीचे पाय. पायांशिवाय ती घरात चालत येणार कशी? पण त्या तेरड्याच्या जुडीत खाडीच्या बांधावरचं एक पिवळं फूल असल्याशिवाय ती गौर होत नाही. ते फूल घरातल्या कर्त्या बाईनं स्वतःच्या हातानं खुडायचं, आणि घरातून निघाल्यापासून गौर दारात टेकेपर्यंत तिनं एक शब्द बोलायचा नाही. बोलली तर गौर रुसते. यामागची गोष्ट बायनं मला नंतर सांगितली. तिच्या सासूच्या सासूच्या काळात उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडी शेतात शिरली. भात गेलं, तेरडा गेला. सणाला घरात काही नाही. ती म्हातारी बांधावर गेली, तर फुटलेल्या काठावर हे एवढंच झुडूप पिवळं फुललेलं उभं होतं. तेच तिनं घरी आणलं आणि म्हणाली, ही आमची गौर. तेव्हापासून.

फूल दिसायला साधं. एखाद्या लहान मुलानं सूर्यफूल काढायला घ्यावं आणि कागद पुरला नाही म्हणून छोटंच सोडून द्यावं, तसं. पानं मात्र खरखरीत, कडेला बारीक दाते असलेली, गालावरून फिरवली तर ओरखडा उठेल अशी. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर. तेव्हा बांधाचा तो सगळा उतार या फुलांनी भरलेला होता आणि तिथं चिखलाचा आणि सुकटीचा मिळून एक वास होता. बायनं वाकून एक फांदी खुडली, पदरात घेतली आणि आम्ही परत निघालो.

गेटवर चेअरमनसाहेब भेटले. चेअरमन भला माणूस, पण बायला टरकून असायचा. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की आज ही बोलू शकत नाही. त्यानं वर्षभर पोटात साठवलेलं सगळं तिथं काढलं. "बाय, तुम्ही गच्चीत सुकट वाळवता, त्याचा वास येतो. मीटिंगमध्ये तुम्ही मला वडाच्या शेतातलं बुजगावणं म्हणालात, ते बरोबर नव्हतं. पोहायच्या तलावाला डबकं म्हणणं थांबवा." बाय उभी. चेहरा लालबुंद, पदरात फूल, ओठ घट्ट मिटलेले. मला हसू आवरेना म्हणून मी तोंड फिरवलं. आम्ही वर गेलो, दारात गौर टेकली, पाय धुऊन झाले, ओवाळून झालं, आणि पुढच्या क्षणी बाय लिफ्टही न घेता जिन्यानं तरातरा खाली गेली. चेअरमनच्या एकेका मुद्द्याचं उत्तर तिनं त्याच क्रमानं दिलं, एकही न विसरता. संध्याकाळी त्याच्या घरी गौरीच्या नैवेद्याचं ताटही पाठवलं. भोईरांच्या गौरीला तिखट लागतं, चिंबोऱ्यांसकट. चेअरमन देशस्थ ब्राह्मण. पण ताट रिकामं परत आलं, असं मला बायनं फार गुपित सांगावं तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

तिचा मुलगा हरेश. त्यानं ऑफिसात लग्न जमवलं ते साताऱ्याकडच्या स्नेहलशी. बायची तक्रार जातीपातीची नव्हती. तिची तक्रार वेगळीच होती. "तिला भरती-ओहोटी कलत नाय," ती मला म्हणाली. "मी इचारलं, आज पानी कवा? तर म्हनते, आई, नळाला का?" स्नेहल हुशार, कामसू, बोलायला गोड, पण चिखलाला तिला मनापासून किळस होती. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला ती आमच्या मागून बांधापर्यंत आली, पांढरे बूट घालून, आणि कडेलाच थांबली. तिनं मोबाइलवर फुलाचा फोटो काढला आणि परत आल्यावर, बायचं मौन सुटल्यावर, उत्साहानं सांगितलं, "आई, हे बघा, तुमचं फूल सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. यात सगळी माहिती आहे. समुद्राकाठी सगळीकडे असतं."

"सूर्यफुलाच्या?" बाय म्हणाली.

"हो. शेवंती, झेंडू, सगळे याचे नातेवाईक."

बायनं फुलाकडे पाहिलं. "श्रीमंत नातेवाईक हायेत मंग. आनि ही चिखलात. आपल्यासारखीच." मग स्नेहलकडे पाहून, "तू पन झेंडूच. तिकरंच थांबलीस, बूट घालून."

स्नेहलला हे लागलं. तिनं मला लिफ्टमध्ये विचारलं, "ताई, मी नक्की काय केलं की त्यांना आवडेल?"  मी म्हटलं, बूट काढ. ती हसली, पण तिनं ते मनावर घेतलं असावं.

पुढची गोष्ट जॉगिंग ट्रॅकची. भिंतीमागच्या बांधावर चालायला ट्रॅक करायचा असं सोसायटीनं ठरवलं, आणि गंमत म्हणजे त्यात सगळ्यात पुढे बाय होती. तिला वाटलं, बांध पक्का होईल, लोक खाडीकडे तोंड करून चालतील, बायका गौर आणायला चिखलातून घसरत जाणार नाहीत. ठेकेदाराच्या मागे लागून तिनं ते काम गणपतीच्या आधी पुरं करून घेतलं. काम चालू असताना तिचे डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते, त्यामुळे तिचं मागे लागणं घरूनच, फोनवर चालायचं. हरेशनं ठेकेदाराला बजावून ठेवलं होतं की आमच्या आईच्या पिवळ्या फुलाला धक्का लागता कामा नये. ठेकेदार शब्दाचा पक्का. त्यानं बांध साफ केला आणि मग दोन्ही बाजूंना नर्सरीतून आणलेली पिवळ्या फुलांची वेल लावून दिली. रोज पाणी, खत. गणपतीपर्यंत तो सगळा ट्रॅक पिवळाधमक झाला. सोसायटीनं त्याचे फोटो काढले. हरेशला कोण अभिमान. "आये बघ आता, तुझं फूल किती लावलंय. आता काय चिखलात जायचं नाय, बूट घालून जा."

त्या वर्षी गौर आणायला अर्धी सोसायटी निघाली. ढोलकी, झांजा, नव्या साड्या, चेअरमन मिसेससह. पुढे बाय, मौन. ट्रॅकवर पोहोचल्यावर सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत उभे राहिले, जणू आपण तिला तिचंच घर नवं बांधून भेट देतो आहोत. बाय वाकली. फूल हातात घेतलं. मग तिनं पान गालाला लावलं.

मी चित्रकलेची मास्तरीण; पानाचा आकार माझ्या तेव्हाच लक्षात आला. गुळगुळीत, तकतकीत, तीन टोकांचं. फूल अगदी तसंच, किंबहुना जरा जास्तच सुंदर. पण ते हे नव्हतं. बाय सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी तो शोधला. बाजारात हरवलेलं मूल सापडलं म्हणून हात धरावा आणि ते दुसऱ्याचंच निघावं, असा तो चेहरा होता. हरेश म्हणाला, "काय आये, बरं ना?" बोलायची सोय नव्हती. तिनं ते फूल हळूच जागेवर ठेवलं, काष्टा वर खोचला, ट्रॅकच्या टोकाची साखळी ओलांडली आणि खाडीच्या कडेनं चालू लागली.

ढोलकीवाल्याला काय करावं कळेना, म्हणून तो वाजवत मागं निघाला. त्याच्यामागे सगळी वरात. रेशमी साड्या, मोबाइल, चेअरमनचे पॉलिश केलेले बूट. "आई कुठे चालल्या?" "अहो, मुहूर्त?" "इथं साप असतील." एकेक जण गळत गेला. शेवटी बांधावर हरेश, स्नेहल, मी आणि ढोलकीवाला एवढेच उरलो, आणि ढोलकीही थांबली. जुनी उघाडी आहे ना, खाडीचं पाणी शेतात घ्यायचं-सोडायचं दगडी दार, तिथपर्यंत बाय गेली. दाराच्या फटीत, दगडांच्या आडोशाला, खरखरीत पानांचं एकच झुडूप उरलं होतं. तिनं एक फांदी खुडली. खुडताना झुडपाला हात लावून पाया पडली.

परत येताना तिचा पाय घसरला. मी मागेच होते, मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला, आणि माझ्याच तोंडून किंकाळी गेली. बाय चिखलात आडवी, चेहरा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ओठ मिटलेले. फूल तिनं हात वर करून चिखलाबाहेर धरलं होतं. हरेश "आये, आये" म्हणत रडायला लागला. तिनं फक्त मान हलवली. हरेश आणि ढोलकीवाल्यानं तिला उचलून घरी आणलं. दारात गौर टेकली, स्नेहलनं ओवाळलं, आणि मग बाय बोलली. "आता डॉक्टरला फोन लाव." आणि तिनं जी हंबरडा फोडून रडायला सुरुवात केली ती हॉस्पिटलपर्यंत.

त्यानंतर बाय नीट चालली नाही. वॉकर घेऊन घरात फिरायची. दारावर थाप मारायची ती वॉकरनं मारू लागली, एवढाच फरक. नर्सरीच्या वेलीबद्दल ती हरेशला कधीच काही बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पोरानं मायेनं केलं. त्याला काय सांगू?" पण खिडकीत बसून तो पिवळाधमक ट्रॅक बघताना तिला मी पाहिलं आहे, आणि तेव्हा ती बोलत नसे.

पुढच्या वर्षी प्रश्न उभा राहिला की फूल कोण आणणार. घरातली कर्ती बाई आता स्नेहल. बायनं तिला श्रावणापासून तयार करायला घेतलं. "पान गालाला लाव. खरखरलं पायजे. नाय खरखरलं तर ते नाय." "ओहोटीला जा. पानी उतरल्यावर जरा वेल थांब, मंग पाय टाक." "बोलायचं नाय. पाय मोरला तरी नाय." स्नेहल ऑफिसची मीटिंग ऐकावी तशी सगळं ऐकायची आणि मान डोलवायची. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, मला ते झुडूप सापडलं नाही तर?" मला तिची भीती कळत होती. एका फुलावर तिचं त्या घरातलं सगळं तोललं जाणार होतं, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

गौरीच्या सकाळी स्नेहल अनवाणी निघाली. मागून मी. उघाडीपाशी पोहोचलो तर कुणीतरी तिथं इमारतीचा राडारोडा आणून टाकला होता. विटा, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक. झुडूप दबून गेलं होतं. माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढत मी मागं राहिले. वर पाहिलं तर स्नेहल गुडघाभर चिखलात वाकून विटा बाजूला करत होती, दोन्ही हातांनी, नखं तुटेपर्यंत. मग ती उठली. हातात झुडपाची एक फांदी, वर दोन फुलं, आणि खाली मुळं. ती मुळांसकट उपटून आली होती. तिचा चेहरा असा उजळला होता की मला काही बोलवेना, आणि बोलून आता काही होणारही नव्हतं. गालाला पान लावून तिनं मला दाखवलं: खरखरतंय.

दारात बाय वॉकर धरून उभी होती. फूल पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. मग तिची नजर खाली गेली, मुळांवर. स्नेहलनं गौर टेकवली, बोलायची परवानगी झाली, आणि ती भरभर सांगू लागली, "आई, तिथं सगळा राडारोडा होता, फक्त हेच एक उरलं होतं. मी मुळांसकट आणलं. पाय हवेत ना गौरीला." बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. फक्त हेच एक उरलं होतं. ती थांबली.

तेरडा मुळांसकट आणायचा हे तिला त्या घरानंच शिकवलं होतं. फुलाची फक्त फांदी खुडायची, हे बायनं सांगितलंच नव्हतं. तिला कधी कुणी सांगायची वेळ आली नव्हती, बांध भरलेला होता तेव्हा कोण सांगणार. आम्ही सगळे बायच्या तोंडाकडे बघत होतो. बाय म्हणाली, "हातपाय धू. नखातनं रगत येतंय." एवढंच.

नैवेद्य झाला, पंगत झाली. स्नेहल जेवली नाही. दुपारी मी डोकावले तर बाय गौरीपुढे जमिनीवर बसली होती, मोडका पाय लांब करून, आणि तेरड्याच्या जुडीतून ती फांदी सोडवून तिची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळत होती. दोन दिवस तिनं ते फडकं सुकू दिलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी हरेश जुडी उचलायला आला. "आये, ती फांदी पण दे. गौर पाण्यात सोडायची असते, ठेवायची नसते."

"ठेवत नाय. तिच्या घरी सोरतंय."

"म्हणजे?"

"ती याच बांधाची. तिला पान्यात कसाला सोरू? वाहून कुठं जाल ती? स्नेहल, खुरपं घे."

तेरड्याची जुडी हरेशनं रीतसर खाडीत सोडली. आणि ट्रॅकच्या पलीकडच्या उतारावर, पूर्वी जिथं सगळं फुललेलं असायचं तिथं, नर्सरीची वेल हातभर उपटून स्नेहलनं खड्डा केला. बाय वर ट्रॅकवर प्लास्टिकच्या खुर्चीत. चेअरमन धावत आला, ट्रॅकची शोभा वगैरे म्हणू लागला. बायनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाणी घालायला माळ्याला सांगू का?" आणि स्वतःच झारी आणायला गेला. स्नेहल मुळं मातीत बसवत होती आणि वरून सूचना चालू होत्या. "खोल. अजून खोल. हलू, तिला दुखंल." लावून झाल्यावर स्नेहलनं विचारलं, "जगेल ना आई?"

"आता भांग हाय," बाय म्हणाली. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते, तिला त्यांच्यात भांग म्हणतात. "पानी वर येनार नाय. खरं पुनवेला. उधानात टिकली तर टिकली."

बाय त्याच वर्षी मार्गशीर्षात गेली, झोपेत. आमचा मजला आता शांत आहे आणि मला ती शांतता अजिबात आवडत नाही. सकाळी स्वयंपाक करताना अजून माझे कान दाराकडे असतात. पण माझ्या मनातली तिची शेवटची आठवण त्या दिवशीच्या दारासमोरच्या गर्दीतली नाही. ती आहे त्या पौर्णिमेची.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, सगळं ठाणं थकून झोपलेलं. हरेशनं खुर्ची ट्रॅकवर ठेवून दिली आणि तो कामाला गेला. आम्ही तिघीच. उन्हं डोक्यावर आली तशी भरती चढू लागली. आधी पाणी उताराच्या पायथ्याला आलं, मग लावलेल्या मातीपर्यंत. स्नेहल पदर तोंडाशी धरून उभी. पाणी खालच्या पानांवर आलं, मग वरच्या. माती विरघळून त्याला तांबूस रंग आला. एका लाटेनं फांदी पार आडवी केली आणि ती दिसेनाशी झाली. स्नेहल रडायला लागली. "माझ्यामुळे झालं आई, माझ्यामुळे." बायनं तिला गप्प केलं नाही आणि समजूतही घातली नाही. ती पाण्याकडे बघत राहिली.

कितीतरी वेळानं पाणी उतरू लागलं. फांदी एका अंगाला कललेली दिसली, पानांवर गाळ बसलेला, एक फूल गेलेलं. बायनं मला खाली उतरून बघायला सांगितलं. मी बुंध्याला हात लावून पाहिलं. मूळ जागचं हललं नव्हतं. मी वर मान करून तसं सांगितलं.  बायनं पदरानं आपला चेहरा पुसला, मग हात पुढे करून स्नेहलला जवळ ओढलं आणि त्याच पदरानं तिचाही पुसला, जरा जोरातच.

स्नेहल कुणी न सांगता पाण्यात उतरली. ओंजळीनं पाणी घालून एकेक पान धुऊ लागली, बुंध्याशी दगड रचू लागली. ऊन फार झालं होतं. मी म्हटलं, "बाय, चल आता घरी. जेवायचंय."

"तू जा," बाय म्हणाली. "पोर पान्यात हाय. ती वर आली का मी येतंय."

मी निघाले. गेटपाशी येऊन मागं वळून पाहिलं. बाय खुर्चीत पाठमोरी बसली होती. एवढ्या लांबून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हात हलताना दिसत होता. अजून एक दगड. इकडे नाही, तिकडे. हां, तिथंच.